गच्चीवरचा चुना आणि बाटलीतलं चुंबक (प्रकल्प नोंदी, सोलापूर)

२ मार्च

आजपासून नोंदी रोज नाही पण जमेल तशा लिहायच्या ठरवलंय, कारण मागच्या सेमला अर्धी मापं कागदाच्या कपट्यांवर राहिली आणि नंतर शोधता शोधता जीव गेला.

प्रोजेक्ट दोन भागांत आहे. एक, हॉस्टेलचा वरचा मजला उन्हाळ्यात तापतो तो कमी विजेत कसा गार ठेवायचा. दोन, चुंबक वापरून घाण पाणी साफ करणं कितपत जमतं. ऐकणाऱ्याला वाटतं या दोन गोष्टींचा काय संबंध. तर संबंध असा की आमचं हॉस्टेल उन्हाळ्यात कूलरवर चालतं, कूलर पाणी पितो, आणि सोलापुरात पाणी म्हणजे उजनीचं नळाचं पाणी चार-पाच दिवसांनी, बाकी सगळी भिस्त बोअरवर, आणि बोअरचं पाणी एवढं जड की कूलरच्या जाळीवर महिन्याभरात पांढरं दगडासारखं साचतं. आणि त्याच शहरात एमआयडीसीत डाय हाऊसमधून, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यांतून, रोज रंगीत पाणी बाहेर पडतं. म्हणजे वीज, ऊन आणि पाणी हे एकच गणित आहे, आम्ही ते दोन चॅप्टरमध्ये लिहिणार एवढंच.

सरांनी तिसरं एक काम मध्येच घातलं. हॉस्टेल कमिटीकडे एक विक्रेता आलाय, पाइपला बाहेरून चुंबक बसवा, पाणी मऊ होतं, क्षार बसत नाहीत असं सांगतोय, तर ते खरं की खोटं हे आम्ही मोजून सांगायचं.

९ मार्च

चार दिवसांपूर्वी गच्चीवर तापमानाचे सेन्सर लावले. खोली ३१ आणि खोली ३२, दोन्ही सारख्या, दोन्ही वरच्या मजल्यावर, दोन्हींच्या खिडक्या एकाच बाजूला. ३१ वर चुना मारायचा, ३२ तशीच ठेवायची. प्रत्येक ठिकाणी तीन मापं: स्लॅबच्या वर, स्लॅबच्या खाली छताला चिकटवून, आणि खोलीच्या मधोमध हवेत, पंख्यापासून लांब. हातातली इन्फ्रारेड गन पण आहे पण ती फक्त झटपट बघायला, कारण ती काँक्रीटवर बरोबर दाखवते आणि बाजूच्या चकचकीत स्टीलच्या टाकीवर धरली की भलतंच कमी दाखवते, चकचकीत धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आकाशाचीच झाक परत देतो म्हणून. हे माहीत नसलं तर माणूस म्हणेल स्टीलची गच्ची करा.

पहिल्या चार दिवसांतच एक गोष्ट स्पष्ट दिसली. गच्चीचा वरचा भाग दुपारी दीड-दोनला सगळ्यात जास्त तापतो पण छताचा खालचा भाग संध्याकाळी पाच-साडेपाचला. पाच इंची स्लॅबमधून उष्णता खाली उतरायला तेवढे तास लागतात. म्हणून सूर्य मावळला तरी छत अकरा-बारापर्यंत डोक्यावर शेकत राहतं, आणि म्हणूनच पोरं गाद्या घेऊन गच्चीवर झोपतात. पंखा लावून तर ती छताखालची गरम हवाच खाली येते.

आजीचं मंगळवेढ्याचं घर माळवदाचं होतं. वर लाकडी तुळ्या, त्यावर फळ्या, त्यावर हातभर पांढरी माती, भिंती दोन-दोन फुटी. मे महिन्यात दुपारी जेवून आम्ही सगळी पोरं त्या मधल्या खोलीत जमिनीवर आडवी व्हायचो आणि चादर लागायची. ते घर पाडून मामाने स्लॅबचं बांधलं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मला पण, कारण माळवद दरवर्षी पावसाआधी चोपावं लागायचं आणि गळायचं. पण त्या मातीला उष्णता खाली पोचवायला अख्खा दिवस पुरायचा नाही, आणि तोवर रात्र झालेली असायची. हा फरक मी आता सेन्सरवर बघतेय.

१७ मार्च

मॅग्नेटाइट बनवायला घेतलं. मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचं काळं ऑक्साइड, चुंबकाला चिकटणारं. कृती कागदावर सोपी: फेरिक क्लोराइड दोन भाग, फेरस सल्फेट एक भाग, पाण्यात विरघळवायचं, साठ-सत्तर डिग्रीला ढवळत ढवळत अमोनिया सोडायचा, पीएच (पाणी किती आंबट की अल्कली याचं माप, सात म्हणजे मध्यम, वर अल्कली) दहाच्या वर गेला की काळं साचतं.

पहिला घाणा वाया गेला. काळ्याऐवजी तपकिरी, गंजाच्या रंगाचं आलं, चुंबक लावलं तर जेमतेम हललं. कारण शोधायला दोन दिवस गेले. फेरस सल्फेटची बाटली जुनी होती, वरचा थर पिवळट झाला होता, म्हणजे त्यातलं फेरस आधीच हवेने फेरिक झालेलं, मग दोनास एक हे प्रमाण राहिलंच नाही. शिवाय हवा दूर ठेवायला आमच्याकडे नायट्रोजनचा सिलिंडर नाही. मग नवीन बाटली आणली, पाणी आधी खळखळून उकळून घेतलं म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघून जातो, झाकून गार केलं आणि भांड्याचं तोंड बंद ठेवून अमोनिया सोडला.

दुसरा घाणा काजळासारखा काळा. बीकरच्या बाहेरून निओडिमियमचं चुंबक टेकवलं आणि आतलं सगळं काळं पाणी हळूच एका बाजूला सरकायला लागलं, आधी धुरासारखं, मग काचेला आतून मखमलीसारखा थर बसला, आणि उरलेलं पाणी अर्ध्या मिनिटात एवढं स्वच्छ की पलीकडची अक्षरं वाचता आली. चुंबक काढलं आणि हलवलं की परत सगळं काळं. मी आणि जोडीदारीण दोघी पंधरा वेळा तेच करत बसलो.

बारीक कणांचा फायदा हाच. एवढे बारीक की त्यांचा पृष्ठभाग प्रचंड, म्हणून घाण धरायला जागा जास्त, आणि चुंबक बाजूला घेतलं की ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. २००६ मध्ये अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी असेच बारीक मॅग्नेटाइट कण वापरून पाण्यातलं आर्सेनिक काढून दाखवलं होतं, तेही साध्या कमी ताकदीच्या चुंबकाने कण ओढून.

एक गोष्ट इथेच ठळक लिहून ठेवते कारण पुढे सगळीकडे लागणार: चुंबक पाणी साफ करत नाही. घाण धरतो तो कण. चुंबक फक्त त्या कणाला पाण्यातून बाहेर ओढतं, गाळायच्या कापडाचं काम करतं. कणाने घाण धरलीच नाही तर चुंबक कितीही मोठं लावा, काळे कण बाहेर येतील आणि घाण पाण्यातच राहील.

२४ मार्च

मिथिलीन ब्लू या निळ्या रंगावर ट्रायल घेतली. शंभर मिली निळं पाणी, त्यात थोडं मॅग्नेटाइट, पीएच नऊ, अर्धा तास हलवलं, चुंबक लावलं, वरच्या पाण्यात किती रंग उरला ते ६६४ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलं. रंग बराच उतरला, डोळ्यालाही दिसत होता. खूश होऊन सरांना दाखवायला गेलो. सर बघत राहिले आणि एवढंच विचारलं की सोलापुरात चादर मिथिलीन ब्लूने कोण रंगवतं?

कोणीच नाही. पेपरांमध्ये सगळे हाच रंग घेतात कारण तो स्वस्त आहे आणि मोजायला सोपा आहे. सर बरोबर आहेत, खरं पाणी आणल्याशिवाय पुढे जायचं नाही.

२ एप्रिल

डाय हाऊसला गेलो. ओळखीने परवानगी मिळाली, नाव लिहायचं नाही असं ठरलंय. आत शिरल्यावर आधी वाफ आणि सोड्याचा वास. सुताच्या लडी दांड्यांवर टांगलेल्या, मशीनमध्ये गोल फिरत रंगात बुडतात आणि वर येतात. बाहेर बॉयलर, त्यात लाकूड जळतंय. नालीतलं पाणी त्या वेळी लालसर जांभळं होतं, तासाभराने हिरवट झालं, शेड बदलली की नाली बदलते. तिथल्या एका मावशींचे हात मनगटापर्यंत मरून रंगाचे झालेले, त्या म्हणाल्या सुट्टीला चार दिवस गावी गेलं तरी नखातला जात नाही.

सुती सुतासाठी रिअॅक्टिव्ह रंग वापरतात. रंग सुतात नीट शिरावा म्हणून मीठ घालतात, गडद शेडला लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅमपर्यंत, आणि मग तो सुताला पक्का बसावा म्हणून सोडा. सगळा रंग बसत नाही, बराचसा पाण्याशीच जोडला जाऊन निकामी होतो आणि धुऊन बाहेर जातो. म्हणजे नालीत तीन गोष्टी: न बसलेला रंग, मीठ आणि सोडा. आम्ही आणलेल्या कॅनचा पीएच १०.८ आला.

५ एप्रिल

काहीच झालं नाही. कॅनमधलं पाणी, मॅग्नेटाइट, अर्धा तास हलवणं, चुंबक. काळे कण बाजूला आले आणि पाणी होतं तसंच जांभळं. डोस दुप्पट केला, चौपट केला, तेच.

रात्री बसून विचार केल्यावर कळलं की हे व्हायचंच होतं. मॅग्नेटाइटच्या कणावर पाण्यात भार येतो, पीएच साडेसहा-सातच्या खाली धन, वर ऋण. मिथिलीन ब्लू धन भाराचा, म्हणून तो अल्कली पाण्यात ऋण कणाला जाऊन चिकटला. रिअॅक्टिव्ह रंग ऋण भाराचे, आणि डाय हाऊसचं पाणी पीएच दहाच्या वर म्हणजे कण पण ऋण. दोन्ही एकमेकांना ढकलणार. आमची मार्चमधली सगळी सुंदर रीडिंग्ज सोलापूरच्या पाण्यासाठी उलटी होती.

पीएच ॲसिड टाकून चारवर आणला तेव्हा रंग धरला. पण ॲसिड किती गेलं ते बघून हबकले, सोडा सगळा मारावा लागतो, आणि मारला की त्याचं परत मीठच होतं. शिवाय फार आंबट पाण्यात मॅग्नेटाइट स्वतः थोडं विरघळतं आणि पाण्यात लोह येतं. आमचा नमुना दोन दिवस ठेवल्यावर तळाशी तांबूस आला, तो त्याचाच.

सरांनी ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेची सायरोफ्लॉक पद्धत वाचायला सांगितली. तिकडे पिण्याच्या पाण्यासाठी मॅग्नेटाइट वापरलं होतं, किंचित आंबट पाण्यात घाण धरायची, आणि मग तेच मॅग्नेटाइट अल्कलीत धुऊन घाण सोडवायची आणि परत वापरायचं. म्हणजे ज्या गोष्टीने आमची ट्रायल फसली तीच त्यांनी धुवायला वापरली. कणाला घाण धरायला एक पीएच, सोडायला दुसरा. हे वाचून मला एकदम बरं वाटलं.

१४ एप्रिल

आज सुट्टी होती म्हणून पहाटे सहालाच चुना मारायला घेतला. कळीचा चुना दोन दिवस आधी पिंपात भिजवून ठेवला होता, भिजताना पाणी अक्षरशः उकळतं, झाकण लावू नका आणि लांब उभे राहा. गाळून घेतला, थोडा डिंक आणि फेविकॉल घातलं म्हणजे हाताला लागत नाही, आणि मोठ्या ब्रशने दोन हात. पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारायचा नाही, आम्ही घाई केली तिथे पापुद्रे निघाले, ती जागा परत घासावी लागली.

वॉचमन मामा वर आले आणि म्हणाले, "काय करलालाव रे वर उन्हात?" सांगितलं तर ते स्वतः ब्रश घेऊन बसले, त्यांच्या गावाकडे पत्र्याला दरवर्षी चुना मारतात म्हणे, त्यांचा हात आमच्यापेक्षा कितीतरी साफ.

दहानंतर तिथे डोळे उघडे ठेवून उभं राहवत नाही, गॉगल लागतोच. तेच तर हवंय, जेवढं डोळ्याला खुपतंय तेवढं ऊन परत आकाशात चाललंय, स्लॅबमध्ये शिरत नाहीये. मळकं जुनं काँक्रीट अंगावर पडणाऱ्या उन्हातला फार तर एक तृतीयांश परत फेकतं, ताजा चुना सत्तर टक्क्यांच्या वर.

१८ एप्रिल, दुपारी दोन: ३२ वर गच्ची ६१, ३१ वर ४३. संध्याकाळी साडेपाच: छताची खालची बाजू ३२ मध्ये ४१.५, ३१ मध्ये ३६.५. खोलीच्या हवेत फरक मात्र अडीच डिग्रीच, कारण खिडकीतून आणि भिंतीतून पण उष्णता येते, चुना फक्त छताचं बघतो. तरी ३१ ची पोरं म्हणतात रात्री डोक्यावरची शेक गेली, आणि मला ते हवेच्या आकड्यापेक्षा खरं वाटतं, कारण तापलेलं छत अंगावर थेट फेकतं, ते हवेच्या थर्मामीटरला दिसत नाही.

२२ एप्रिल

पाइपवरच्या चुंबकाचा निकाल. बोअरचं तेच पाणी दोन लाइनींना, एकीवर विक्रेत्याने दिलेलं चुंबक, दुसरीवर सारख्याच आकाराची साधी पट्टी बांधली आणि कापड गुंडाळलं म्हणजे कोणतं कुठलं ते नमुना घेणाऱ्याला कळू नये. हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, ईडीटीए या रसायनाने मोजला, वाइन लाल रंग शेवटच्या थेंबाला निळा होतो तिथे थांबायचं. दोन्हीकडे ४८०. तीन वेळा केलं, पाच-दहाचा फरक इकडेतिकडे, दोन्ही बाजूंना. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, पण तोच.

आश्चर्य नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेलं आहे, ते चुंबकाला चिकटत नाही आणि पाइपमधून कुठे जातही नाही. या यंत्रांचं एक जुनं पेटंट १९४५ चं, बेल्जियममधल्या व्हर्मायरन यांचं, आणि तेव्हापासून वाद चालू आहे की क्षाराचे स्फटिक वेगळ्या आकाराचे होतात का, कमी घट्ट बसतात का. काही प्रयोगांत फरक दिसला, काहींत नाही. आम्ही दोन कूलरच्या जाळ्या दोन आठवड्यांनी वाळवून वजन केल्या, सांगण्यासारखा फरक नव्हता. एवढंच कमिटीला लिहून दिलं: पाणी मऊ होत नाही, एवढे पैसे घालू नका.

त्याऐवजी फुकटचा उपाय दिला. कूलरमध्ये पाणी उडतं, क्षार उडत नाहीत, वरून नवीन पाणी टाकत राहिलं की टाकीतलं दाट होत जातं आणि मग जाळीवर बसतं. आम्ही मोजलं, चार दिवसांत टीडीएस अडीचपट. दर तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून भरायची, आणि ते सोडलेलं पाणी संडासच्या फ्लशला. मामांनी भिंतीवर वारांप्रमाणे खोल्यांचे नंबर लिहून लावलेत.

६ मे

बेचाळीसच्या वर चाललंय. चुना धुळीने मळला, गच्ची ४३ वरून ४८ वर गेली. धुवायला पाणी नाही, कोरड्या खराट्याने झाडली तर दोन डिग्री परत मिळाल्या.

कूलरचा हिशोब आज नीट केला. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते, म्हणून दीडशे-दोनशे वॉटचा कूलर सोलापूरच्या कोरड्या हवेत चालतो, आणि तेवढ्याच खोलीला दीड टनाचा एसी दीड किलोवॉटच्या आसपास ओढतो. ती वीज शेवटी कुठे बनते, तर इथेच आहेरवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र आहे. पण कूलर रात्रभरात चाळीस-पन्नास लिटर पाणी उडवतो. चार दिवसांनी नळ येणाऱ्या गावात हे पाणी कोणाच्या तरी हंड्यातलं आहे. म्हणून मला चुन्याचं खरं मोल इथे वाटतं: ३१ ची पोरं आता कूलर साडेदहाला लावतात, ३२ ची आठलाच. अडीच तासांचं पाणी आणि अडीच तासांची वीज, रोज.

इको निवास संहिता २०१८ (घरांसाठी सरकारचे वीजबचतीचे नियम) मध्ये घराच्या छताची यू व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज जाते त्याचं माप, १.२ च्या आत हवी असं आहे, नुसता काँक्रीटचा स्लॅब तीनच्या वर जातो. म्हणजे चुना हा पूर्ण उपाय नाहीच, खाली किंवा वर इन्सुलेशन लागतं. नवीन इमारत बांधताना ते घालणं स्वस्त, नंतर महाग. आणि संहितेतलं हे वाक्य किती बिल्डर वाचतात ते गावभर उठणाऱ्या काळ्या गच्च्या बघून कळतं, त्याचा मला राग येतो.

१९ मे

पाण्याच्या बाजूला शेवटी हालचाल. पीएच साडेसहावर आणून तुरटी टाकली आणि सोबत मॅग्नेटाइट. तुरटीचा गाळ रंग धरतो आणि काळे कण त्या गाळात अडकतात, मग चुंबक लावलं की अख्खा गाळ ओढला जातो. नुसत्या तुरटीला बसायला अर्धा तास, चुंबकाने एक मिनिटाच्या आत. म्हणजे बसवायच्या मोठ्या टाक्यांची जागा वाचते, आणि एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याला जागाच नसते. पीएच उतरवायला ॲसिडऐवजी बॉयलरचा धूर पाण्यातून सोडता येतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड सोडा मारतो, ही सरांची सूचना पुढच्या टप्प्यात घ्यायची.

पण टीडीएस? जवळपास जेवढा होता तेवढाच. रंग गेला म्हणजे पाणी साफ झालं असं नाही, मीठ तिथेच आहे, आणि ते पाहणाऱ्याला दिसत नाही म्हणून जास्त वाईट. मग डाय हाऊसच्या मालकांनीच विचारलं, मीठ राहिलंय ना, मग परत रंगवायलाच वापरू? हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांना मीठ लागतंच! फक्त पहिलं रंगाचं पाणी आणि नंतरचं धुण्याचं पाणी वेगळं साठवायला हवं, म्हणजे मीठ पातळ होत नाही.

लॅबमध्ये एक लडी ताज्या पाण्यात आणि एक परत वापरलेल्या पाण्यात रंगवली, तीच शेड, तोच वेळ. वाळल्यावर खिडकीत शेजारी शेजारी धरल्या. दुसरी किंचित मंद, लाल थोडा विटकरी. तिथल्या रंगारी काकांनी एका नजरेत सांगितलं, "लोखंड आहे पाण्यात." मोजलं, होतं. चुंबकाने न पकडलेले बारीक कण. आता चुंबकाच्या पुढे वाळूचा गाळणा लावून बघायचाय.

७ जून

मृग लागायच्या आधीच काल रात्री वळीव आला, विजा, गारा, पाऊण तास. सकाळी गच्चीवर गेले तर पन्हाळीच्या बाजूचा चुना धुऊन गेलेला, खालचं करडं काँक्रीट दिसतंय, मधला भाग टिकलाय. जिथे पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारला होता तिथेच सगळ्यात जास्त गेलाय.

पन्हाळीखाली बादली ठेवली होती, त्यात दुधाळ पाणी. हे पाणी बोअर रिचार्जच्या खड्ड्यात जातं म्हणून पीएच बघितला, ८.७. ताज्या चुन्याच्या निवळीचा बाराच्या वर असतो, पण गच्चीवरच्या चुन्याने दोन महिन्यांत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा खडू झालाय, म्हणून भीती नाही. बाटलीवर तारीख घातली, उद्या हार्डनेस काढायचा. ३२ च्या पोरांनी विचारलंय आमच्या छताचा नंबर कधी, त्यांना ऑक्टोबर हीटच्या आधी म्हणून सांगितलंय, यावेळी मामांनाच मुख्य ब्रश द्यायचा.